खाटेखाली मावणारी आगगाडी

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की मॉडेल रेल्वेला बंगला आणि गच्ची लागत नाही, खाटेखालची जागा पुरते. त्यावर एवढी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. मायना आणि गोड गोड कौतुक काढून टाकलंय, रागावू नका.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीला वन बीएचकेमध्ये चौघं राहतो. मुलगा ११ वर्षांचा, कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून आला तेव्हापासून डोक्यात फक्त आगगाडी. बायको म्हणते आणा हवं तर, पण जेवायच्या वेळी हॉल मोकळा पाहिजे. टेबल केवढं करून घेऊ? आणि एचओ मापाची गाडी घ्यायची की एन मापाची?

उत्तर : टेबल करूच नका. सुताराला फोन लावायच्या आधी टेप घ्या आणि जिथे ही गाडी ठेवणार आहात ती जागा मोजा. सगळे जण उलटं करतात, आधी नेटवर ट्रॅकचा प्लॅन शोधतात, मग लाकूड आणतात आणि मग ते दाराआड उभं राहतं, त्याच्यावर टॉवेल वाळत पडतात. खाटेखाली जमिनीपासून फळीपर्यंत उंची किती, मधे खाटेचा पाय येतो का, बाहेर ओढताना कपाटाच्या दाराला अडतं का, हे सगळं मोजायचं आणि आलेल्या मापातून चारी बाजूंनी दोन-दोन सेंमी कमी करायचे. तो तुमचा डबा, म्हणजे खोका. लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशन-टेकड्यांचा अख्खा देखावा, त्या डब्याच्या आत जन्माला आला पाहिजे. माळ्यावर ठेवायचा विचार असेल तर सोडून द्या, स्टूल लागलं की महिन्याभरात कोणी काढत नाही.

आता एन की एचओ. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ वा भाग आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, एन म्हणजे १६० वा भाग आणि ते अंतर ९ मिमी. आपला आजचा एलएचबी प्रवासी डबा साधारण २४ मीटर धरा, तो एचओमध्ये सव्वासत्तावीस सेंमीच्या वर जातो आणि एनमध्ये १५. म्हणजे सव्वा मीटरच्या फळीवर एचओचे चार डबे उभे केले की फळी संपली, इंजिन कुठे लावणार? शिवाय गोल फिरवायची म्हटली तर एचओचं नेहमीचं सगळ्यात छोटं वळण ३६ सेंमी त्रिज्येचं, त्याला फळीच ८० सेंमी रुंद लागते, ती तुमच्या खाटेखाली गेली तरी बाहेर काढून ठेवायला हॉल नाही. एनमध्ये १५ सेंमी त्रिज्येचे रूळ रेडीमेड मिळतात, म्हणजे ३५-३६ सेंमी रुंदीत पूर्ण गोल बसतो. फक्त एक आहे, एवढ्या घट्ट वळणावर लांब डबे चालत नाहीत, रुळावरून उतरतात नाहीतर एकमेकांना घासतात. तिथे छोटं इंजिन आणि चारचाकी वाघिणी, म्हणजे मालडबे. राजधानी पळवायची हौस असेल तर २५ सेंमीच्या आसपास त्रिज्या धरा आणि फळी ६० सेंमी रुंद. आणि २२ डब्यांची पूर्ण गाडी विसरा, ती एनमध्येसुद्धा सव्वातीन मीटरच्या वर जाते.

तेव्हा मी तुमच्या जागी असते तर एन घेतलं असतं, साधारण ९० बाय ३६ सेंमीचा उथळ डबा, ६ मिमी प्लायच्या बाजू आणि तळाला जाड एक्सपीएस फोम, म्हणजे तो निळा किंवा गुलाबी इन्सुलेशनचा शीट. हलका असतो, कटरने कापता येतो, त्यात नाला खणता येतो, टेकडी रचता येते. साधा थर्माकोल घेतलात तरी हरकत नाही पण त्याचे दाणे घरभर उडतील आणि मग बायकोचं पत्र मला येईल. फोमला फेविकॉल लावा, रबराचं सोल्युशन लावू नका, ते फोम खाऊन टाकतं. वजन मुलाला एकट्याला उचलता येईल एवढंच, कारण खरा प्रश्न तो आहे. मुलाला दर वेळी बाबांना हाक मारावी लागली तर बाबा ऑफिसातून दमून आलेले असणार आणि डबा खाटेखालीच राहणार. गाडीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरला डब्यातच कप्पा करा, वायर आतच जोडलेली ठेवा, बाहेर फक्त एक अडॅप्टरची पिन. ओढला, झाकण काढलं, पिन खुपसली, गाडी सुरू, एवढंच.

प्रश्न : मी सांगलीचा, रिटायर्ड. नातवाच्या निमित्ताने सेट आणला, गोल ट्रॅक. नातू १० मिनिटांत कंटाळला आणि खरं सांगायचं तर मी पण. आता जागा पण अडते. विकून टाकू का?

उत्तर : काका, थांबा, विकू नका, गोल काढून टाका. गोल गोल फिरणारी गाडी ही सिलिंग फॅनसारखी, सुरू झाली की तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि जागा खातो तो गोलच. सरळ रेषेत केलंत तर फळी निम्म्याहून कमी रुंदीत होते.

तुम्ही शंटिंग करा, म्हणजे इंजिनाने वाघिणी मागेपुढे ढकलून हव्या तशा लावणं. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन राइट नावाच्या मॉडेलरने एक छोटं यार्ड केलं होतं, इंगलनुक सायडिंग्ज, त्यावरून हा प्रकारच त्या नावाने चालतो. फक्त दोन पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) आणि तीन सायडिंग (वाघिणी उभ्या करायचे फाटे). एकीत पाच वाघिणी मावतात, बाकी दोघींत तीन-तीन, आणि पुढे इंजिन वावरतं त्या तुकड्यात इंजिन आणि तीन वाघिणी. वाघिणी एकूण आठ, सगळ्या वेगवेगळ्या रंगाच्या. आठ चिठ्ठ्या करायच्या, पाच काढायच्या, आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगमध्ये उभी करायची, हात न लावता. असे क्रम ६७२० होतात, गुणून बघा, ८ गुणिले ७ गुणिले ६ गुणिले ५ गुणिले ४. नातवाला सांगा कमी चालींत कोण लावतं ते बघू, आणि हरायची तयारी ठेवा.

एनमध्ये चारचाकी वाघीण साधारण सहा सेंमी धरली तर पाच वाघिणींना ३०, दोन पॉइंटना मिळून २५, इंजिन आणि तीन वाघिणींना २६-२७, एकूण ८० ते ८५ सेंमी लांब आणि रुंदी २० सेंमी पण पुष्कळ. पुस्तकाच्या फडताळावर मावेल. पण कापायच्या आधी तुमच्या वाघिणी कपलिंगसकट जोडून पट्टीने मोजा, एक सेंमीने सायडिंग कमी पडली तर सगळा खेळ बिघडतो, आणि जास्त ठेवलीत तर चौथी वाघीण घुसवायची चीटिंग होते. मागे कागदावर गोदामं रंगवा, एखादं मिरजेचं वाटलं तर उत्तम. इंजिन मात्र चांगलं घ्या, पैसे तिथे घाला, शंटिंगला गोगलगायीच्या वेगाने न अडखळता चालणारं इंजिन लागतं.

प्रश्न : नाशिकहून लिहितोय. १२० सेंमीची फळी मधोमध कापून बिजागऱ्या लावल्या, सुटकेससारखी मिटते. पण मिटताना सांध्यावरचे रूळ एकमेकांवर दाबले जाऊन वाकले. स्टेशनचं छप्पर पण समोरच्या झाडाने चेपलं. मी स्वतः फॅब्रिकेशनचं काम करतो, तरी हे कसं झालं?

उत्तर : बिजागरीची पिन फळीच्या पातळीला आहे आणि रूळ तिच्या वर, म्हणून. आता फळ्या तोंडाला तोंड लावून मिटतात तेव्हा पिनच्या वर जे जे आहे ते एकमेकांकडे सरकतं आणि खाली जे आहे ते उघडतं. तुम्ही फॅब्रिकेशनवाले आहात, एक रेघ मारून बघाल तर लगेच दिसेल. पिन रुळाच्या डोक्यापेक्षा वर घ्या, म्हणजे फळीच्या दोन्ही कडांना लाकडी ठोकळे लावून त्यावर बिजागरी. मग मिटताना रूळ एकमेकांपासून लांब जातात.

आणि त्यातच छपराचं पण उत्तर आहे. पिन फळीपासून जेवढी उंच त्याच्या दुप्पट फट मिटल्यावर मधे राहते. पाच सेंमीचे ठोकळे लावले तर दहा सेंमी. स्टेशन सहा सेंमी उंच आणि समोरचं झाड पाच तर मिळून अकरा, चेपणारच. एकतर ठोकळा वाढवा नाहीतर उंच गोष्टीसमोर पलीकडच्या फळीवर शेत, तळं असं काहीतरी सपाट येऊ द्या. ठोकळे उघडे दिसतात म्हणून त्यांना ओव्हरब्रिजच्या भिंती करून टाका किंवा गोदाम.

सांध्यावर रूळ आधी सलग टाका, दोन्ही कडांना फळीत पितळी स्क्रू मारून रूळ त्यांच्या डोक्याला सोल्डर करा आणि मग बारीक करवतीने कापा. आधी कापून मग जुळवायला गेलात तर कधीच जुळणार नाहीत. खालून दोन पितळी टॉवर बोल्ट लावा, दाराला असतात तेच. फळ्या घट्ट धरतात, आणि एकेका बोल्टला एकेक वायर जोडली तर करंट पण तेच पलीकडे नेतात, वेगळा प्लग नको. १२ व्होल्ट डीसी आहे, शॉक बसत नाही.

प्रश्न : ताई, माझं माहेर यवतमाळचं. लहानपणी शकुंतलेने, म्हणजे तिकडच्या छोट्या नॅरोगेज गाडीने, मूर्तिजापूरला जायचो. आता पुण्यात फ्लॅटमध्ये आहे, वयाची पन्नाशी उलटली. मला दुसरी कुठलीच गाडी नको, शकुंतला पाहिजे, आणि ती कपाटाच्या वरच्या कप्प्यात मावली पाहिजे. बाजारात तर कुठे दिसत नाही. होईल का?

उत्तर : होईल, आणि या सगळ्या पत्रांत मला तुमचं काम सगळ्यात जास्त आवडलंय. बाजारात मिळणार नाही हे खरं. पण गंमत बघा, शकुंतलेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ मिमी येतात. आणि एनचे रूळ ९ मिमी. म्हणजे एचओच्या मापाची माणसं, झाडं, घरं घ्यायची आणि खाली एनचे रूळ टाकायचे, की नॅरोगेज तयार. युरोपात हेच एचओई नावाने चालतं. आपल्या ब्रॉडगेजवाल्यांचं असं जुळत नाही, १६७६ मिमीला एनमध्ये साडेदहा मिमी रूळ हवेत, मिळतात ९ चे, सगळे डोळेझाक करून चालवतात. तुमचं मात्र जवळजवळ अचूक बसतं. बार्शी लाइट, पाचोरा-जामनेर, पुलगाव-आर्वी या पण सगळ्या ७६२ च्याच होत्या, तेव्हा तिकडच्या माहेरवाशिणींनी पण हे उत्तर कापून ठेवा.

यवतमाळ ते मूर्तिजापूर साधारण ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून दुसरा फाटा अचलपूरला. तेवढं सगळं कपाटात येणार नाही, एक स्टेशन घ्या. छोटं, एक प्लॅटफॉर्म, दुसरी गाडी बाजूला घ्यायला एक लूप, कडूनिंबाचं झाड, पाण्याची टाकी. ९० बाय २५ सेंमीत आरामात बसेल. उजवीकडून गाडी येते, थांबते, डावीकडे जाते, आणि दोन्ही टोकांना पडद्याआड एकेक सुटी पट्टी ठेवायची, तिच्यावर रूळ चिकटवलेला. गाडी पट्टीवर चढली की पट्टीच उचलायची, फिरवायची आणि परत लावायची, म्हणजे इंजिन पुन्हा पुढे. हे कॅसेटचं तंत्र छोट्या जागेवाल्यांना वरदान आहे, गाडी हाताळावी पण लागत नाही आणि पॅक करताना तीच पट्टी डब्यात जाते.

इंजिन : वाफेचं इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत होतं आणि तुमच्या आठवणीत तेच असणार, मला माहितीये. तरी पहिलं मॉडेल डिझेलचं करा. एनचं एखादं छोटं, चांगलं चालणारं शंटर घ्यायचं, वरचा प्लास्टिकचा सांगाडा काढायचा आणि त्या चॅसीवर प्लास्टिक शीटची किंवा जाड कार्डाची चौकोनी बॉडी बसवायची. वाफेच्या इंजिनाचे ते हलणारे दांडे, सिलिंडर, हे पहिल्या फटक्यात जमत नाही आणि मग माणूस छंदच सोडतो. डबे तर काय, खोकीच, सनबोर्ड आणि कार्डात होतात. माप सोपं आहे, साडेपाच फुटी माणूस १९ मिमीचा आणि सात फुटी दार पावणेपंचवीस मिमीच्या जरा आत. जुना फॅमिली फोटो असेल ज्यात कोणी डब्याच्या दारात उभं आहे, तर त्या माणसाच्या उंचीवरून अख्ख्या डब्याचं माप काढता येतं.

एनच्या रुळाला स्लीपर, म्हणजे खालच्या आडव्या पट्ट्या, फार बारीक आणि जवळजवळ असतात, नॅरोगेजला शोभत नाहीत. पण शकुंतलेचे रूळ कुणी कधी स्वच्छ पाहिलेत? गवतात आणि मातीत बुडालेले. तेच करा, एकाआड एक स्लीपर कापा आणि वर माती पसरा. माती गावाकडूनच आणा, काळी, तव्यावर भाजून घ्या म्हणजे किडे-बुरशी नको, मग कापडातून चाळा, आणि चाळलेल्या मातीतून लोहचुंबक चार वेळा फिरवा. हे विसरू नका. मातीत लोखंडाचे कण असतात, मोटरचा मॅग्नेट ते ओढून घेतो आणि इंजिन कायमचं बसतं. माती टाकून झाली की पाणी आणि फेविकॉल सारखं मिसळून, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि ड्रॉपरने सोडायचं. थेंब नसेल तर पाणी मातीवर गोळ्या होऊन बसतं, आत मुरत नाही.

उघड्या वाघिणीत कापसाच्या गाठी भरा. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लागावा म्हणून तर किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ही लाईन काढली. गोणपाटाचा तुकडा सनबोर्डच्या ठोकळ्याला गुंडाळा, शिवणाच्या दोऱ्याने आवळा. एका संध्याकाळी वीस होतात, टीव्ही बघत.

प्रश्न : चिपळूणहून. पावसाळ्यात चार महिने लेआउट बंद असतो. काढला की रूळ काळे, प्लाय वाकलेला आणि गवतावर बुरशी. पॉलिश पेपर मारून चालवतो पण परत तेच.

उत्तर : पॉलिश पेपर आजपासून बंद. त्याने रुळावर बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी घाण त्या चऱ्यांत जास्त घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सुती चिंधीला लावून पुसा, गाडीची चाकं पण पुसा, सगळे रूळ पुसतात आणि चाकं विसरतात. रूळ लोखंडी किंवा पितळी असतील तर हळूहळू निकेल सिल्व्हरचे करा, नावात चांदी असली तरी आत चांदी नसते, तांबं-जस्त-निकेल असतं, पण काळवंडतात कमी.

प्लाय वाकतो कारण तुम्ही वरून रंगवलाय आणि खालून कोरा ठेवलाय, एकाच बाजूने ओल पितो. दोन्ही बाजू आणि कडा रंगवून घ्या. एमडीएफ कोकणात वापरूच नये असं माझं मत आहे, भाकरीसारखा फुगतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, चार महिने नुसतं बंद ठेवू नका, ऊन पडलं त्या दिवशी झाकण काढा. डांबर गोळ्या मात्र टाकू नका. त्यांच्या वाफेने मॉडेलचं प्लास्टिक मऊ, चिकट व्हायची भीती असते.

प्रश्न : मी योकोहामाला असतो, पुढच्या वर्षी पुण्याला परत. इथे टी-ट्रॅकची मॉड्यूल बघितली, जाम आवडली. बॅगेतून आणण्यासारखं काय आहे?

उत्तर : टी-ट्रॅकच आणा, ते जपानमध्येच सुरू झालेलं आहे आणि लहान घरांसाठीच केलेलं वाटावं असं आहे. साधारण ३१ सेंमी रुंद एकेक खोका, वरती ट्रॅक, खोक्याला खोका लावला की रूळच एकमेकांत अडकतात, जेवायच्या टेबलावर मांडायचं, झालं की उचलायचं. रूळ आणि इंजिन तिकडून आणा, खोके इथला सुतार करेल. पॉवर पॅक आणण्याआधी मात्र त्याच्या अडॅप्टरवर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर इथल्या २३० ला धूर निघेल. इथे तापकीर गल्लीत १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर मिळतो, मधे उलट-सुलट करायचा स्विच, झालं काम.

प्रश्न : माथेरानचा घाट करायचाय, नेरळ ते माथेरान, ६० सेंमीच्या बॉक्समध्ये. चढ किती ठेवू? (बदलापूर)

उत्तर : शून्य. खऱ्या लाईनला वीसास एक चढ आहे, पण छोटं इंजिन त्यावर डबे घेऊन घसरतं, आणि चाळीसास एक धरलात तर ६० सेंमीत दीड सेंमी चढणार, ते कुणाला दिसणार पण नाही. रूळ सपाट ठेवा आणि डोंगर तिरका करा, पुढून दरी खाली उतरत नेली, मागून कडा वर चढवला की डोळ्याला गाडी चढतेय असंच वाटतं. अख्खा मार्ग घेऊ नका, जुम्मापट्टी किंवा वॉटर पाईप घ्या, एक स्टेशन आणि एक वळण. माकडं विसरू नका.

प्रश्न : लेआउट उघडला की आमची मांजर येऊन बरोब्बर यार्डात बसते. उपाय? (ठाणे)

उत्तर : उपाय नाही. तिला शेजारी रिकामं खोकं द्या, बसली तर बसली. पण इंजिन दर वेळी उलटं करून चाकांच्या दांड्या बघा, तिचे केस तिथे गुंडाळले जातात आणि गिअरमध्ये शिरतात. चिमट्याने हळूच ओढून काढायचे, कात्री आत घालायची नाही.